वीस मिलिमीटरची वाटणी

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि बजाज आल्या, 2009मध्ये चाकणला फोक्सवॅगन. या पट्ट्याची खरी कमाई म्हणजे मापाची शिस्त, आणि भोसरी-तळवड्याच्या फॅब्रिकेशन शेडमधली ती शिस्त जिन्याच्या कामी यावी, असं मला मनापासून वाटतं. कारण बांधकामात ती नसते. नकाशात मजला 3,000 मिलिमीटरचा असला तरी स्लॅब पंधरा-वीस मिलिमीटर वरखाली होतो, फरशीची जाडी तर अगदी शेवटी ठरते. हा फरक बरेचदा पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीत जिरवला जातो. पण दोन-तीन पायऱ्यांतच पायाने माप घेतलेलं असतं, म्हणून वेगळी निघालेली एकच पायरी माणसाला पाडते. अ‍ॅडजस्टेबल जिना, म्हणजे कोन बदलता येणारा, तेच वीस मिलिमीटर सतरा चढांत वाटतो. एकेकाच्या वाट्याला सव्वा मिलिमीटरही येत नाही.

यातली सर्वांत देखणी रचना समांतर पट्ट्यांची. दोन्ही बाजूंना वरखाली दोन पट्ट्या, आणि प्रत्येक पायरी त्या दोन्हींना पिनांवर अडकवलेली. जिना उभा करा की कलता, पायरी पातळीतच राहते. मात्र भूमिती सवलत देत नाही. एका पट्टीवरच्या लागोपाठच्या पिनांत 311 मिलिमीटर अंतर धरलं, तर 170च्या चढाला पाऊल टेकवायला 260 मिळतात, 185ला 250 आणि 190ला जेमतेम 246. राष्ट्रीय बांधकाम संहिता घरगुती जिन्याला 190चा चढ चालवून घेते, पण पायरी किमान 250ची मागते. म्हणजे हा सांगाडा 185लाच अडला पाहिजे. तरीही 170 ते 185च्या सतरा चढांत तो 2,890पासून 3,145पर्यंतचा मजला गाठतो.

चांगला गवंडी भिंतीवर आधी रेघा मारून पायऱ्या सारख्याच पाडतो, मग हा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण त्याला फरशीची अंतिम पातळी आधी कळावी लागते, आणि हा जिना फरशी झाल्यावर बसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हलण्याची सोय तिथे ढिलेपणा. लांबट भोकातला बोल्ट नुसत्या आवळण्यावर सोडला तर रोजच्या हादऱ्यांनी सरकतो. म्हणून कोन ठरल्यावर जागेवरच आरपार भोक पाडून घट्ट पिन ठोकायला हवी. तिथला जस्ताचा थर जातो, तो पुन्हा द्यायला हवा. आगीत 550 अंशांच्या आसपास पोलादाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, त्यामुळे सुटकेची एकमेव वाट म्हणून असा उघडा जिना नको. कठड्याचा प्रश्न तर नकाशात दिसतच नाही. पट्टीवर ठरावीक अंतराने लावलेल्या उभ्या गजांमधली फट जिना उभा झाला की घटते, कलता झाला की वाढते. लहान मुलाचं डोकं अडकेल का, हे जिना सर्वांत कलता ठेवूनच तपासावं लागतं.