फराहबाग : पाण्यांतला राजवाडा

स्पेनमधील ग्रानाडा येथील अलहंब्रा राजवाड्याची कीर्ति आपण ऐकली असेल. तेथील मूर सुलतानांनीं नदीचें पाणी टेकडीवर वळवून महालाच्या चौकाचौकांतून खेळविलें. मूर कांहीं दख्खनेंत आले नव्हते. परंतु इराणी उद्यानकलेचा वारसा त्यांच्याप्रमाणेंच निजामशाहीलाही लाभला होता. त्याची साक्ष म्हणजे अहमदनगर, आजचें अहिल्यानगर, येथील फराहबाग. फराह म्हणजे आनंद.

परभणीकरांना ही वास्तु परकी वाटूं नये. निजामशहाचें घराणें मूळचें पाथरीच्या ब्राह्मणांचें, असें फिरिस्ता हा इतिहासकार सांगतो. या पूर्वजांच्या गांवासाठींच बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशहाशीं वैर पत्करलें आणि १५१८ मध्यें पाथरी जिंकली.

फराहबागेचा महाल मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ मध्यें पुरा झाला. पहिलें बांधकाम सुलतानाच्या मनास न आल्यामुळें तें पाडून सलाबतखानानें नवें उभारलें. इमारत अष्टकोनी व दुमजली. मध्यें उंच दालन, भोंवतीं तळें, आणि आंत जाण्यास तळ्यांतून बांधलेली वाट.

प्रथम महालांत न शिरतां तळ्याच्या कांठानें एक फेरी घालावी, म्हणजे या रचनेचें मर्म कळतें. पाण्यावरून येणारा वारा निवून कमानींतून आंत शिरावा, तापलेली हवा हलकी होऊन उंच छताकडे चढावी, आणि जाड भिंतींनीं बाहेरचें ऊन अडवावें, अशी ही योजना आहे. म्हणून तळें हा येथें केवळ शोभेचा भाग नव्हे. तें इमारतीचेंच एक अंग आहे.

नगरचा मुलूख पर्जन्यछायेंतला. तेथें दुरून पाणी आणून तें बारमाही राखणें हें भिंती बांधण्याहून कठीण काम होतें. आज बाग उरलेली नाहीं, आणि तळ्यांत पूर्वींचें पाणी नाहीं. अलहंब्रेंत मात्र पाणी अजून वाहतें. म्हणून तो राजवाडा जिवंत वाटतो. फराहबागेच्या भिंतींना सरकारी संरक्षण आहे, तें योग्यच. परंतु भिंती राखल्या आणि पाणी विसरलों, तर आपण या वास्तूचें अर्धेंच जतन केलें असें होईल. तेथें जाणाऱ्यानें निदान मनांत तरी तें तळें भरून पाहावें.