उद्योजकाचा धीर आणि खरेपणा

नवा धंदा काढणाऱ्या माणसापुढे एक पेच हटकून येतो. बोलण्यात धीर दिसला नाही, तर भांडवल देणारा मागे सरतो आणि कामाला येऊ पाहणारा कारागीरही बिचकतो. बरं, धीर दाखवायचा म्हणून वाटेल ते बोलावं, तर ती थाप होते. मग रेघ ओढायची कुठे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या गृहस्थांनी लोखंडी नांगर घडवला. पण लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव डगमगले नाहीत. पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचा भरवसा हातातल्या वस्तूवर होता, आणि ती वस्तू जमिनीत चालवून पाहता येत होती.

आता याच्या उलट पाहा. अमेरिकेत एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ साली थेरानोस ही कंपनी काढली. रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो तपासण्या होतात, असा तिचा दावा. प्रत्यक्षात तिच्या यंत्राला मोजक्याच तपासण्या जमत; बहुतेक तपासण्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालत. २०१५ साली वर्तमानपत्राने हे उजेडात आणले. २०१८ साली कंपनी बुडाली, आणि २०२२ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्सबाईंना अकरा वर्षांवर कारावास झाला. त्या अहवालांवर विसंबणारे रोगी होते, हेही ध्यानात घ्या.

दोघांचेही मनसुबे मोठेच होते. पण 'आम्ही हे करू' आणि 'आम्ही हे केले आहे' यांत फार अंतर आहे. पहिले वाक्य उद्याचे. ते खुशाल छातीठोकपणे बोला. दुसरे आजचा हिशेब सांगते. तो पैपैने जुळलाच पाहिजे.

तेव्हा बँकेत किंवा भागीदाराकडे जाण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात तयार आहे ते लिहा, दुसऱ्यात चाचणी चालू आहे ते, तिसऱ्यात मनात आहे ते. बोलण्याच्या भरात एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात सरकू देऊ नका. एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर 'अमुक तारखेला सांगतो' म्हणा, आणि त्या तारखेला खरोखरच जा. बाजारात पत वाढते ती अशी.

तुमच्या शब्दावर कुणी असलेली नोकरी सोडून येतो, कुणी लेकीच्या लग्नासाठी जमवलेली पुंजी तुमच्या हाती ठेवतो. त्यांना खरा रकाना दाखवण्याइतका धीर आधी अंगी बाणवा.