पावलांना आवाहन करणारे रॉक

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात 2002 च्या सुमारास एका ओसाड गोदामात ज्या चौघांनी तालमी आणि रात्रीचे जलसे सुरू केले, ज्यांच्या जलशांवर पोलिसांची धाडही पडली, आणि तरीही ज्यांचे नाव दोन वर्षांच्या आत ब्रिटनभर सर्वतोमुखी झाले, त्या ‘फ्रँझ फर्डिनंड’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम अलीकडच्या रॉक संगीतातील मला सर्वांत प्रसन्न वाटणारी कृती आहे. नाव 1914 साली साराजेव्होत वध झालेल्या ऑस्ट्रियाच्या राजवारसाचे; ते सुचले मात्र शर्यतीच्या एका घोड्यावरून.

या अल्बमचे कुळ शोधायचे तर 1970 च्या दशकाच्या अखेरीकडे जावे लागते. पंक संगीताने लांबलचक गिटारवादनाचा आणि वादनकौशल्याच्या प्रदर्शनाचा अंमल झुगारून दिला. त्यापाठोपाठ आलेल्या ‘न्यू वेव्ह’च्या पिढीने पंकचा आटोपशीरपणा कायम ठेवून नृत्याची लय, कीबोर्डचे स्वर, चतुर शब्दकळा आणि चित्रकलेची जाण यांना रॉकच्या दरबारात मुभा दिली. न्यूयॉर्कमधील ‘टॉकिंग हेड्स’ व ‘ब्लाँडी’, लीड्समधील ‘गँग ऑफ फोर’ आणि खुद्द ग्लासगोमधील ‘ऑरेंज ज्यूस’ ही त्या परंपरेची ठळक नावे. पुढे 1990 नंतर गिटार वाजवणाऱ्या बहुसंख्य मंडळींनी नाचण्याचा प्रांत क्लबमधील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या हवाली केला, आणि माझ्या मते रॉकचे त्यात फार नुकसान झाले. ‘फ्रँझ फर्डिनंड’ने ती गेलेली वहिवाट परत मिळवली.

चौघांची घडण एकमेकांहून सर्वस्वी भिन्न होती. गायक ॲलेक्स कप्रानोस काही काळ स्वयंपाकी म्हणून राबलेला. निक मॅकार्थी बव्हेरियात वाढलेला आणि म्युनिकमध्ये संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला. बॉब हार्डी ग्लासगोच्या कलाशाळेत चित्रकला शिकणारा, बास गिटारला कधी हात न लावलेला. ‘बेल अँड सबॅस्टियन’ या बँडमधील मिक कुक यांनी आपली बास, तिचा काही सदुपयोग करावा या अटीवर, कप्रानोसला देऊन टाकली होती. तीच त्याने हार्डीच्या हाती सोपवली आणि वाजवायला शिकवले. ड्रमवर पॉल थॉमसन. हार्डीच्या वादनात अनावश्यक स्वर जवळजवळ नाहीत, आणि थॉमसनच्या बास ड्रमच्या ठोक्यांमध्ये हाय-हॅटची झांज उघडमीट करू लागली की डिस्कोची ती जुनी, अचूक गती साकार होते. तिच्यावर दोन गिटारी धारदार, तुटक आघात करीत राहतात. स्वरांची ही काटकसर मला या अल्बमचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण ऐकणाऱ्याच्या पावलांना जागा मिळते ती तिच्यामुळेच.

या कारागिरीचा उत्तम दाखला म्हणजे ‘टेक मी आऊट’. आपल्या ख्यालगायनात विलंबितातून द्रुताकडे जाण्याची रीत आहे; या गीतात नेमके उलट घडते. आरंभी वेगाने धावणारे गीत पहिले मिनिट पुरे होण्याच्या बेतात असता हळूहळू मंदावते, आता संपणार असे वाटू लागते, आणि तेवढ्यात कोणालाही गुणगुणता येईल अशी गिटारची ठसठशीत सुरावट घेऊन एक संथ, भारदस्त लय उभी राहते. वेग घटूनही उत्साह दुणावतो, हे विलक्षण आहे. पहिल्या भागातील धावपळीने जी उत्कंठा साठवलेली असते, ती या संथ ठेक्यात एकवटते आणि अख्खे सभागृह एकाच वेळी उड्या मारू लागते. शब्दांत, परस्परांवर नेम धरून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या रूपकातून प्रेमाचा ताण व्यक्त होतो.

स्वीडनमधील माल्मो येथे तोरे योहानसन यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झालेला हा अकरा गीतांचा अल्बम ‘डोमिनो’ या संस्थेने फेब्रुवारी 2004 मध्ये प्रसिद्ध केला. बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर राहून काम करणाऱ्या अशा संस्थांच्या संगीतालाच स्थूलमानाने ‘इंडी’ म्हणतात. त्याच वर्षी या अल्बमला मानाचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या अल्बमने ब्रिटनमधील विक्रीत अग्रस्थान पटकावले, तथापि पहिल्याची बांधेसूद एकात्मता मला त्यात आढळत नाही.

प्रथमच ऐकू इच्छिणाऱ्याने ‘टेक मी आऊट’नंतर ‘द डार्क ऑफ द मॅटिने’ अवश्य ऐकावे. सिनेमागृहाच्या अंधाराची ओढ असलेला, पुढे मोठे होऊन दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध निवेदक टेरी वोगन यांच्याशी गप्पा मारण्याचे मनोराज्य रचणारा शाळकरी मुलगा त्यात भेटतो. आणि हे हळवे मनोगतही चौघांनी अशा खणखणीत ठेक्यावर बसवले आहे की ऐकता ऐकता त्याच्यासाठी जीव हळहळतो, पण पाय थांबत नाहीत.