नगारा : रणवाद्याची रचना व बंजारा वारसा

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान होय. तेथील नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. या आकारामागे एका रणवाद्याचा इतिहास आहे. अरबी ‘नक्कारा’ या शब्दापासून बनलेला नगारा मध्ययुगात सैन्याचे प्रस्थान व राजसत्तेचा अधिकार सूचित करीत असे. अबुल फजलने अकबराच्या नक्कारखान्यात त्याची नोंद केली आहे. मोगल सैन्यास बैलांच्या तांड्यांद्वारे धान्य पुरविणाऱ्या बंजारा समाजात आज तो पूजा व उत्सवप्रसंगी वाजतो.

नगाऱ्याचे भांडे तांबे, पितळ वा लोखंडाच्या पत्र्याचे व अर्धगोलाकार असते. त्याच्या तोंडावर जनावराचे कातडे चामड्याच्या वादीने ताणून बांधतात आणि ते लाकडी टिपऱ्यांनी वाजवितात. तळ बंद असल्याने भांड्यात कोंडलेली हवा कातड्याच्या कंपनांवर परिणाम करते व नादास गांभीर्य येते. ताण वाढला की स्वर चढतो. दमट हवेत कातडे सैल पडते, म्हणून ते शेकावे लागते.

वास्तूमुळे नगाऱ्याचा आकार जतन होईल. परंतु कातडे मढविण्याचे व शेकून स्वर साधण्याचे कौशल्य मात्र कारागीर आणि वादकांच्या हातांतच टिकणार आहे. म्हणून वाद्याबरोबर या कौशल्याचेही जतन होणे आवश्यक ठरते.