विमानाच्या इंधनकाट्याचा मागोवा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानात पेट्रोल भरले ते बैलगाडीतून आणलेल्या चार गॅलनी डब्यांनी. डबे मोजले की हिशेब संपला. पुढे विमाने मोठी झाली, पंखांतच अनेक टाक्या आल्या. टाकी कलली की काट्याला जोडलेला तरंगता गोळा फसतो, आणि उष्णतेने फुगलेल्या इंधनाचे लिटर वाढले तरी वजन तेवढेच राहते. इंजिनाला हवी असलेली शक्ती मात्र वजनातून मिळते.

म्हणून जेट विमानांच्या टाक्यांत विद्युतधारितेवर चालणाऱ्या मापननळ्या बसल्या. एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या. त्यांमधल्या फटीत हवेच्या जागी इंधन चढले की धारिता जवळपास दुप्पट होते. सगळ्या नळ्यांच्या नोंदींवरून संगणक किलोग्रॅम काढतो.

या पद्धतीचा मोठा शत्रू पाणी. त्याचा परावैद्युतांक, म्हणजे हवेच्या तुलनेत धारिता किती पट होते तो आकडा, ८०च्या आसपास, इंधनाचा २ च्या थोडा वर. नळीच्या तळाशी थोडे पाणी साचले तरी काटा फुगीर आकडा दाखवतो किंवा कोराच पडतो. पावसाळ्यातल्या मुंबईतल्यासारखी दमट हवा उतरत्या विमानाच्या थंड टाकीत शिरते आणि तिच्यातले पाणी तिथे साचते. त्या पाण्यात केरोसीनवर जगणारी बुरशीही वाढते. त्यामुळे दोषशोधाची सुरुवात टाकीच्या तळाचे पाणी काढण्यापासून करणे शहाणपणाचे. त्यानंतर दर्शक बदलून पाहणे, जोडण्या साफ करणे, तारांचा विद्युतरोध मोजणे. टाकीत माणूस उतरवणे सर्वांत शेवटी, कारण त्यासाठी ती रिकामी करून वाफ जाईपर्यंत विमान उभे ठेवावे लागते. या खर्चामुळेच नुसता दर्शकाचा खोका बदलून विमान सोडून देण्याचा मोह होतो, आणि तोच दोष आठवड्याने परत येतो.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ मध्ये दोष होता इंधन-संगणकातल्या एका कच्च्या डाखजोडात. संगणकाला दोन वाहिन्या होत्या. बिघडलेली वाहिनी बंद ठेवली की दुसरीवर काटे चालत, म्हणून एडमंटनच्या तंत्रज्ञाने तिचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला होता. माँट्रियलला दुसऱ्याने तपासणीसाठी तो आत ढकलला आणि परत ओढायचा राहिला. सगळे काटे कोरे झाले. मग पंखाखालच्या मापनपट्टीने मोजले तर टाक्यांत ७,६८२ लिटर निघाले. हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना ०.८च्या जागी पौंडांचा १.७७ हा गुणक वापरला गेला, आणि सुमारे २०,००० लिटर भरायचे तिथे ४,९१७ लिटरच भरले. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपू लागले. वैमानिकांनी ते इंजिनाविना तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. ६९ जणांपैकी कोणी दगावले नाही. पट्टीने दिलेले माप बरोबर होते, हे या प्रकरणात सहसा विसरले जाते.

१७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूएचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कजवळ फुटून २३० जण ठार झाले. मधल्या टाकीतल्या वाफांचा स्फोट झाला होता. ठिणगीला लागणारा जादा विद्युतदाब बहुधा इंधनमापनाच्या तारांतून आत गेला, असे तपासाने ठरवले. त्यानंतर या तारांच्या दुरुस्तीचे नियम कडक झाले.

६ ऑगस्ट २००५ रोजी ट्युनिंटर कंपनीचे एटीआर-७२ विमान इंधन संपून सिसिलीजवळ समुद्रात उतरले. ३९ पैकी १६ जण गेले. आदल्या दिवशी बदललेला दर्शक एटीआर-४२ चा होता. तो जागेवर चपखल बसला, पण दुसऱ्याच आकाराच्या टाक्यांच्या गणिताने आकडे देत राहिला. पट्टी लावली असती तर फरक लगेच दिसला असता.

१९९३ मध्ये तिरुपतीजवळ शेतात उतरलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या ए-३०० चे इंधनही संपले होते. मात्र तिथे मूळ कारण काट्यात नव्हते. फ्लॅप मिटेनात, त्यामुळे खप वाढला.

एअर इंडियाकडे २००७ पासून आलेल्या बोइंग ७७७ मध्ये पातळी ध्वनिलहरींनी मोजतात, आणि यंत्रणा स्वतःच्या दोषाची नोंद स्वतः ठेवते. टाकी उघडण्याचे काम नागपूरच्या मिहानसारख्या दुरुस्ती केंद्राचे. जालन्याजवळच्या चिकलठाणा विमानतळावर विमान सहसा तासभरही थांबत नाही. अशा ठिकाणी एखाद्या टाकीचा काटा बंद पडला, तर किमान उपकरण यादी, म्हणजे काय बंद असताना उडता येते ते सांगणारी यादी, सांगेल त्या अटींवरच विमान सुटते. पंखाखालची चुंबकीय पट्टी खाली ओढायची, विमानाचा कल पाहायचा, तक्त्यातून आकडा काढायचा, आणि इंधनगाडीच्या मीटरवरचे लिटर त्या दिवशीच्या घनतेने गुणून त्याच्याशी जुळवायचे.