व्यक्तिचित्राची तैलरंगातील अनुकृती

पूर्वकालीन तैलव्यक्तिचित्रासमोर बसून त्याची प्रतिकृती रंगवीत तैलरंगाचे तंत्र आत्मसात करण्याची अध्ययनपद्धती. यूरोपीय चित्रकारांच्या शिक्षणात तिला दीर्घकाळ मानाचे स्थान होते. रूबेन्ससारख्या प्रस्थापित चित्रकारानेही १६२८–२९ मध्ये माद्रिद येथे टिशनच्या चित्रांच्या अनुकृती केल्या.

प्रथम मूळ चित्रावर काल्पनिक चौरस कल्पून तेच प्रमाण कॅनव्हासवर उतरवितात. डोळा, नाकपुडी व ओठांची कड यांतील अंतर केसभर चुकले, तरी साम्य हरपते. नंतर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या मातकट रंगात छायाप्रकाशाचा तळथर देतात. तो सुकल्यावर जवसाचे तेल अधिक असलेले थर क्रमाने चढवितात. हा क्रम उलटल्यास खालचा स्निग्ध थर सावकाश सुकतो व वरचा तडकतो. अखेरीस पारदर्शक रंगाचे पातळ लेप दिले, की गालाखालची छाया काळवंडलेली न दिसता आतून उजळते. नवशिक्याची खरी कसोटी प्रकाश व छाया यांमधील मध्यम छटांत लागते. तेथे ब्रश फार घोळविला, की चेहरा मेणाचा होतो. जुने व्हार्निश पिवळे पडलेले असते. ती पिवळट झाक मूळ चित्रकाराचीच समजून रंगविणारे विद्यार्थी पुष्कळ असतात.

महाराष्ट्रात ऐतिहासिक व्यक्तींची उत्तम तैलचित्रे अभ्यासकाच्या हाती सहज येत नसत. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये पुण्यात रंगविलेले सवाई माधवराव पेशव्यांचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) विद्यार्थ्यांना अनुकृतीचा सर्वांत मोठा सराव घडला तो व्यक्तिचित्रांपुढे नव्हे, तर अजिंठ्याच्या भित्तींपुढे. जॉन ग्रिफिथ्सच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी तेथील चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरविली. त्यांतील पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून ख्यातनाम झाले. अंधाऱ्या लेण्यात, झिजलेल्या रंगांतून मुखाची ठेवण शोधण्याचा हा अभ्यास कोणत्याही वर्गातील पाठाहून कठीण होता.

या उद्योगाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढविण्यात आले. ते काळवंडून चित्रांची हानी झाली व विसाव्या शतकात इटालियन तज्ञांना ते काढण्याचे काम करावे लागले. त्यापूर्वी रॉबर्ट गिलने १८४४ पासून केलेल्या अनुकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तर ग्रिफिथ्स व त्याच्या विद्यार्थ्यांच्या शंभरावर अनुकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. ज्या उरल्या, त्यांत आज भिंतीवरून निघून गेलेला काही तपशील पाहावयास मिळतो.

अनुकृतीने स्वतंत्र दृष्टी मारली जाते, हा आक्षेप ई. बी. हॅवेलसारख्या कलाशिक्षकांनी यूरोपीय नमुन्यांविषयी जोरकसपणे मांडला. तो सर्वस्वी गैरलागू नाही. फिकट त्वचेसाठी सिद्ध झालेले छटांचे मिश्रण सावळ्या चेहऱ्यावर निर्जीव राखी दिसते, आणि समोरची व्यक्ती हलते, थकते, प्रकाशही बदलतो. यांचा अनुभव चित्रासमोर मिळत नाही. म्हणून अनुकृतीबरोबर प्रत्यक्ष व्यक्तीवरून चित्रण आवश्यक ठरते.

अनुकृती ही मूळ म्हणून खपू नये यासाठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवण्याचे बंधन आहे.