पट्टांतर्गत भूकंप

भूपट्टांच्या सीमांपासून दूर, पट्टाच्या अंतर्भागात उद्‌भवणाऱ्या भूकंपांना पट्टांतर्गत भूकंप म्हणतात. जगातील बहुसंख्य भूकंप पट्टांच्या सीमांना अनुसरून होतात. त्या मानाने पट्टांतर्गत भूकंपांची संख्या फारच थोडी असते. तथापि ते अशा प्रदेशांत होतात की, जेथील लोकांच्या स्मरणात भूकंप नसतो आणि घरे बांधताना त्याचा विचार केलेला नसतो. त्यामुळे मध्यम महत्तेच्या पट्टांतर्गत भूकंपानेही फार मोठी प्राणहानी होऊ शकते. महाराष्ट्रातील कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंप या प्रकारचे होत.

पृथ्वीची स्तररचना : पृथ्वीची सरासरी त्रिज्या सु. ६,३७१ किमी. असून तिच्या अंतरंगाचे कवच, प्रावरण व गाभा असे तीन मुख्य भाग पडतात. कवचाची जाडी महासागरांखाली ५ ते १० किमी., तर खंडांखाली सरासरी ३५ किमी. व उंच पर्वतांखाली त्याहून बरीच जास्त असते. कवचाखाली सु. २,९०० किमी. खोलीपर्यंत प्रावरण असून त्याच्या खाली गाभा आहे. गाभ्याचा बाहेरील भाग द्रवरूप व आतील, सु. १,२२० किमी. त्रिज्येचा भाग घनरूप आहे.

ही माहिती मुख्यत्वे भूकंपांनीच पुरविलेली आहे. भूकंपातून निघणाऱ्या प्राथमिक तरंगांत खडकाचे कण तरंगाच्या दिशेतच मागेपुढे हलतात, तर दुय्यम तरंगांत ते त्या दिशेशी काटकोनात हलतात. दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून हे तरंग वेगवेगळे ओळखले आणि पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. आंद्रिया मोहोरोव्हिचिक यांनी १९०९ मध्ये कवच व प्रावरण यांमधील सीमा शोधून काढली, तर इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये आतील गाभ्याचे अस्तित्व दाखवून दिले.

भूकंपांच्या दृष्टीने मात्र रासायनिक घटनेपेक्षा खडकांचा कणखरपणा अधिक महत्त्वाचा असतो. कवच व त्याखालील प्रावरणाचा वरचा थंड, ताठर भाग मिळून शिलावरण बनते. त्याची जाडी सामान्यतः सु. १०० किमी. असून जुन्या खंडांखाली ती याहून जास्त असते. शिलावरणाखालील दुर्बलावरणाचे खडक घनरूप असले, तरी उच्च तापमानामुळे दीर्घकाळात ते अतिशय मंद गतीने वाहू शकतात. ताठर खडक तुटतो व भूकंप होतो. मऊ झालेला खडक न तुटता आकार बदलतो. म्हणून खंडांच्या अंतर्भागातील भूकंप बहुतांशी कवचातच होतात.

भूपट्ट व त्यांची हालचाल : आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडविप्लवाची कल्पना मांडली, पण खंड कशामुळे सरकतात याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी मिळाले नाही. पुढे महासागरतळाच्या समन्वेषणातून मध्य महासागरी पर्वतरांगांपाशी नवे कवच तयार होत असल्याचे दिसून आले आणि १९६७-६८ च्या सुमारास भूपट्ट सांरचनिकीची उपपत्ती आकारास आली. तिच्यानुसार शिलावरण अनेक लहानमोठ्या पट्टांत विभागलेले असून ते वर्षाला काही सेंमी. या वेगाने सरकत असतात. पट्ट जेथे एकमेकांपासून दूर जातात, एकमेकांवर आदळतात वा एकमेकांना घासत सरकतात, तेथे भूकंपांचे पट्टे आढळतात.

भारतीय पट्ट गोंडवन भूमीपासून अलग होऊन उत्तरेकडे सरकत आला. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी या प्रवासात त्याच्यावर लाव्ह्याचे प्रचंड थर पसरून दक्षिण ट्रॅप तयार झाला. सु. ५ कोटी वर्षांपूर्वी हा पट्ट यूरेशियन पट्टाला भिडला व त्यातून हिमालयाची निर्मिती झाली. ही टक्कर अद्याप थांबलेली नाही. भारतीय पट्ट आजही वर्षाला सु. ५ सेंमी. या वेगाने ईशान्येकडे सरकत असून त्यांपैकी सु. २ सेंमी. हालचाल हिमालयात सामावली जाते.

ताणाचा संचय : पट्ट ताठर असल्याने त्याच्या कडेवर पडणारा दाब शेकडो किमी. आतपर्यंत पोहोचतो. हिमालयातील टकरीमुळे द्वीपकल्पाचे खडकही साधारणपणे उत्तर-ईशान्य दिशेने दाबले जात आहेत. खडकात जुने विभंग (भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांसापेक्ष सरकलेले असतील अशी भेग) किंवा खचदऱ्या असतील, तर त्या दुर्बल जागी हा ताण हळूहळू साचतो. ताण घर्षणापेक्षा वरचढ झाला म्हणजे विभंगाच्या बाजू एकाएकी सरकतात आणि साचलेली स्थितिस्थापक ऊर्जा तरंगांच्या रूपाने मोकळी होते. हॅरी फील्डिंग रीड यांनी १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्को भूकंपावरून ही यंत्रणा १९१० मध्ये स्पष्ट केली. पट्टसीमेवर व पट्टाच्या अंतर्भागात यंत्रणा एकच असते; फरक गतीचा असतो. सीमेवर दशकांत वा शतकांत साचणारा ताण अंतर्भागात साचण्यास हजारो वर्षे लागू शकतात. शंभर-दोनशे वर्षांच्या नोंदींत भूकंप नाही, म्हणून तो प्रदेश भूकंपमुक्त ठरत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसिसिपी खोऱ्यात न्यू मॅड्रिड येथे १८११-१२ च्या हिवाळ्यात झालेले मोठे भूकंप, चीनमधील तांगशान येथील १९७६ चा भूकंप आणि कच्छमधील १८१९ व २००१ चे भूकंप ही अशा भूकंपांची ठळक उदाहरणे होत. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमीन उचलली जाऊन ‘अल्लाबंद’ नावाचा लांबलचक उंचवटा तयार झाला. जुन्या खंडांचे खडक थंड व अखंड असल्याने त्यांतून तरंग फारसे क्षीण न होता दूरवर जातात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अपिकेंद्रापासून (नाभीच्या थेट वर असलेल्या भूपृष्ठावरील स्थानापासून) २०० किमी.हून अधिक दूर असलेल्या अहमदाबाद शहरात बहुमजली इमारती कोसळल्या. २२ मे १९९७ रोजी जबलपूर येथे झालेल्या भूकंपाची नाभी, म्हणजे विभंग सरकण्यास जेथे आरंभ झाला ते स्थान, सु. ३५ किमी. खोल होते, कवचाच्या तळाजवळचे खडकही तेथे तुटण्याइतके ताठर असल्याचे त्यावरून दिसून आले.

कोयना भूकंप : द्वीपकल्पीय भारत हे प्राचीन व स्थिर ढालक्षेत्र आहे, तेथे विनाशक भूकंप संभवत नाहीत, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारणपणे प्रचलित होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात ६·३ महत्तेचा भूकंप झाला आणि या समजाला जबर धक्का बसला. या भूकंपात सु. १८० लोक मरण पावले. कोयना जलविद्युत् केंद्राचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबईलाही त्याची झळ पोहोचली. १०३ मी. उंचीच्या धरणाला, वरच्या भागात जेथे त्याची जाडी एकदम कमी होते तेथे, आडव्या भेगा पडल्या. पण धरण फुटले नाही. पुढे मागील बाजूने आधारभिंती घालून ते मजबूत करण्यात आले. १९७० मध्ये भारताच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात सुधारणा करून त्यातील ‘शून्य’ विभाग रद्द करण्यात आला. म्हणजेच देशाचा कोणताही भाग भूकंपाच्या शक्यतेपासून पूर्णपणे मुक्त नाही, हे मान्य झाले.

शिवाजीसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागल्यानंतर या परिसरात लहान धक्क्यांचे प्रमाण वाढले होते. जलाशयाचा परिणाम दोन प्रकारे होतो. पाण्याच्या वजनाने खालील खडकांवरील भार बदलतो. तसेच भेगांतून खोलवर झिरपलेल्या पाण्याच्या दाबामुळे विभंगाच्या बाजू एकमेकींना घट्ट धरून ठेवू शकत नाहीत. जलाशय भूकंपाची ऊर्जा निर्माण करीत नाही; आधीच साचलेल्या ताणाला तो वाट करून देतो. म्हणून सर्वच मोठ्या जलाशयांमुळे भूकंप होत नाहीत. ज्या ठिकाणचे विभंग अगोदरच सरकण्याच्या बेतात असतात तेथेच असे भूकंप होतात. चीनमधील शिनफंगज्यांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या जलाशयांजवळही ६ पेक्षा अधिक महत्तेचे भूकंप झाले. कोयनेचा भूकंप या गटातील सर्वांत मोठा मानला जातो.

कोयना परिसरात १९६७ नंतरही ५ वा त्याहून अधिक महत्तेचे वीसहून जास्त भूकंप झाले. वारणा जलाशय भरू लागल्यानंतर, १९९३ च्या सुमारास, भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. इतक्या लहान क्षेत्रात व इतक्या कमी खोलीवर भूकंप वारंवार होत असल्याने हा परिसर जगभरच्या संशोधकांच्या दृष्टीने एक नैसर्गिक प्रयोगशाळाच ठरला आहे. २०१७ मध्ये तेथे सु. ३ किमी. खोल प्रायोगिक वेधनछिद्र पूर्ण करण्यात आले. बेसाल्टाचे थर भेदून ते खालच्या प्राचीन ग्रॅनाइटी आधारशिलेत गेलेले आहे.

किल्लारी भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तत्कालीन लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर ६·२ महत्तेचा भूकंप झाला. महत्तेच्या दृष्टीने तो कोयनेहून किंचित लहान होता. मात्र त्यात सु. ८,००० ते १०,००० लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या नकाशानुसार हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे लहान धक्के जाणवले होते. भूकंपानंतर घेतलेल्या वेधनात सु. ३४० मी. जाडीच्या बेसाल्टाखाली आधारशिला आढळली. वरील सपाट लाव्ह्याच्या आवरणामुळे खालच्या खडकांतील जुने विभंग भूपृष्ठावरून ओळखू येत नाहीत, ही दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशातील मोठी अडचण आहे.

प्राणहानीचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या जाड भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून उभारलेल्या होत्या. भिंतीची आतली व बाहेरची तोंडे आरपार दगडांनी जोडलेली नव्हती आणि छपरावर मातीच्या जाड थराचे माळवद होते. गळती थांबविण्यासाठी त्यावर वेळोवेळी माती टाकली जात असल्याने त्याचा भार वाढत जाई. हादऱ्याने भिंतीची तोंडे सुटून फाकली आणि झोपलेल्या लोकांवर छपरासह कोसळली. माळवदाचा भार स्वतंत्र लाकडी खांबांवर असलेल्या काही घरांत भिंती पडल्या, तरी सांगाडा उभा राहिला. यानंतर ५२ गावे नव्याने वसविण्यात आली. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभाग दुसऱ्यात विलीन करण्यात आला व किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला.

पूर्वकथन व संरक्षण : भूकंपाची तारीख, स्थान व महत्ता आधी सांगण्याची कोणतीही विश्वसनीय पद्धत उपलब्ध नाही. लहान धक्क्यांची मालिका मोठ्या भूकंपाची नांदी असू शकते किंवा ती तशीच विरूनही जाऊ शकते. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात हजारो लहान धक्क्यांची अशी मालिका नोंदली गेली. अशा प्रसंगी स्थानिक भूकंपलेखकांचे जाळे उभारून नाभींची स्थाने निश्चित करणे आणि दुर्बल घरे मजबूत करणे हे दोन उपाय हाती असतात.

विभागांचे नकाशे उपलब्ध ज्ञानावर आधारलेले असतात आणि पट्टाच्या अंतर्भागाविषयीचे ज्ञान अपुरे असते. दोन्ही भूकंपांनंतर नकाशे बदलावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे. म्हणून कमी धोक्याच्या विभागातही बांधणीचे साधे नियम पाळणे हितावह ठरते. जोते, दारेखिडक्यांची वरची पातळी व छपराखाली सलग काँक्रीटचे पट्टे घालणे, कोपरे एकमेकांत गुंतविणे, दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसविणे आणि छपराचा भार हलका ठेवणे, हे ते नियम होत. त्यांमुळे घराला तडे गेले, तरी ते एकाएकी कोसळत नाही व आतील लोकांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.